प्रेमाकाकूंचा रिकामा ठोका

वायर आणि मी, आमचं जन्मापासून जमतं! पुण्यात आमच्या गल्लीतल्या निम्म्या टीव्हींचे अँटेना मीच जोडले होते. उरलेले निम्मे मीच बिघडवले, असं आई म्हणायची, पण ते असो. त्यामुळे १९९६ साली बंगलोरला, बसवनगुडीतले माझे घरमालक मल्हारराव "शंतनु, एक जोडणी करून देशील काय रे?" म्हणाले, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवायच्या आत सांगितलं, "काका, अर्धा तास!"

मल्हारराव तीन पिढ्यांचे बंगलोरकर मराठी. एके काळी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवायचे. शेजारी ताल सांभाळायला त्यांच्या पत्नी, प्रेमाकाकू. काकूंकडे एक जुनी रिदम मशीन होती, पाटाएवढी, सोळा बटणांची. अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलता सोलता त्या बटणं दाबून तिच्यात स्वतःचे ताल भरून ठेवायच्या.

काकू जाऊन दीड वर्ष झालं होतं. वर्षभर घरात सण नव्हता. आता पहिला दसरा येत होता. खंडेनवमीला आयुधपूजेत मशीन मांडायची आणि संध्याकाळी काकूंच्या तालावर एक गाणं वाजवायचं, एवढीच काकांची इच्छा. पण त्यांचा डावा हात अर्धांगवायूने गेलेला. म्हणून त्यांनी नवा कीबोर्ड आणला होता. डाव्या हाताची साथ त्यात आधी भरून ठेवली की तो आपली आपण वाजवतो. फक्त तो काकूंच्या मशीनबरोबर चालायला हवा होता.

"काका, या कीबोर्डातच शंभर ताल आहेत की!"

"शंभर आहेत रे. तिचा नाही." काका हसले. "दर चौथ्या फेरीला तिचा एक ठोका रिकामा जायचा. बारा वर्षं सांगितलं, दुरुस्त कर म्हणून. म्हणायची, तुम्हाला श्वास घ्यायला जागा ठेवलीय."

"टेप करून नाही ठेवलात?"

"रोज घरात असलेल्या माणसाचा टेप कोण करतं?"

मी कामाला लागलो. दोन्हीकडे पाच पिनांचं तेच गोल भोक! वायर खुपसली आणि मिशीवर ताव दिला. कीबोर्ड ढिम्म! पिन तीच, पण कीबोर्ड बोलणार मिडी नावाच्या वाद्यांच्या नव्या संगणकी भाषेत, आणि मशीन मिडी जन्माला यायच्या आधीची. ती नुसते विजेचे ठोके पाठवायची. मग एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तीन शनिवार घालवून मी या ठोक्यांचं मिडी करणारा एक डबा शोधून आणला. तो जोडला आणि कीबोर्ड असा काही उधळला की स्वयंपाकघरातून काकांच्या थोरल्या बहीण चंद्राबाई कालथ्यासकट धावत आल्या.

"अय्यो! गाणं आहे की पिसाळलंय? स्वल्प हळू लाव की रे!"

"अक्का, मशीन दुप्पट ठोके पाठवतेय, एवढंच!"

डब्यावरचा एक खटका फिरवला आणि जमलं! काकूंचा ताल आणि काकांचा गेलेला डावा हात बरोबर चालू लागले. काकांनी चष्मा काढून पुसला. अर्ध्या तासाचा महिना झाला होता, पण त्या दिवशी मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

तिथेच थांबलो असतो तर! पण आयुधपूजा म्हणजे स्वच्छता. सगळं बंगलोर स्कूटरी धूत होतं, मग मीच का मागे राहू? खंडेनवमीच्या सकाळी मी सगळ्या वायरी काढून मशीन पालथी केली आणि सेलचं झाकण उघडलं. सेल पांढरे फटक पडून पाझरत होते. झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवलेली, काकूंच्या हातची, कानडी अक्षरांत. तीन वर्षांत मला कानडीतले फक्त बसचे नंबर वाचता येऊ लागले होते. म्हटलं, मंत्र असणार! चिठ्ठीला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, जुने सेल काढले, कप्पा पुसला आणि नवेकोरे सेल घातले.

संध्याकाळी दहाबारा माणसं जमली. काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मी ऐटीत बटण दाबलं. मशीनवरचा लाल दिवा सोळाही बटणांवरून पळू लागला. आवाज मात्र नाही! मी वायरी उपटल्या, खोचल्या, डबा हलवला, स्पीकर मोठा केला. फ्यूज उडाला! तो बसवला, तरी काही नाही.

"दृष्टीचा कोहळा फोडला नाही, म्हणून असं!" अक्का म्हणाल्या. कोहळा आणला, फोडला. दिवा पळतच होता.

"सेल कुणी काढले?" काकांनी हळूच विचारलं.

"मीच! नवे घातलेत काका!"

काकांनी मशीन उलटी केली, झाकण उघडलं आणि अंगठ्याने कुंकू पुसून चिठ्ठी वाचली. काकू कानडी शाळेत शिकलेल्या. अक्षरं कानडी होती, भाषा चक्क मराठी!

"आधी मशीन घरातल्या विजेवर चालू करा, मगच सेल काढा. नाहीतर माझे ताल जातील. प्रेमा."

एका बाईचं मागे उरलेलं सगळं मी पुसून टाकलं होतं, तेही हळदकुंकू वाहून. मला रडू आलं. "काका, मला वाचता..."

काकांनी झाकण परत लावलं. मग "सरी", म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाले आणि कीबोर्ड पुढे ओढून एका उजव्या हाताने वाजवू लागले. एक फेरी, दुसरी, तिसरी. चौथीत आवाज एकदम बंद!

वायर सुटली! मी झेप घेऊन टेबलाखाली शिरलो आणि पिन दोन्ही हातांनी दाबून धरली.

"वायर ठीक आहे रे," वरून काकांचा आवाज आला. "तिचा ठोका होता तो."

आणि ते पुढे वाजवू लागले. गाणं संपेपर्यंत मी काही टेबलाखालून बाहेर आलो नाही. अक्कांना वाटलं, पोरगा आयुधांना साष्टांग नमस्कार घालतोय. मी वाटू दिलं.