पहिली निवड बोरिंगवाल्याची

“पहिला नंबर आपला हाय ना? मंग इसरूभाऊले घ्या,” गोकुळानं चुलीपुढून फर्मावलं.

खुशालच्या हातातला घास हातातच राहिला. “कोन इसरू? बोरिंगवाला?”

“गोलकीपर,” गोकुळा म्हणाली. “यादीत तसंच लिवलं हाय.”

गोष्ट सत्याण्णव सालची. धान निघालं की मुलचेरा तालुक्याच्या त्या अंगाला आठ गावांचा फुटबॉल कप भरायचा. त्यात खैरबोडी नावाचं हे ढिवरांचं, म्हणजे मासे धरणाऱ्यांचं गाव सलग सात वर्षं पहिल्याच मॅचमध्ये हरलं होतं, आणि हरलं तेही असं, की शेवटी शेवटी समोरचेच दया येऊन बॉल बाहेर मारायचे. सातही वर्षं कप्तान होता खुशाल. यंदा हरलो तर कप्तानी त्याचा साळा पिंटू याच्याकडे जाईल, असं गावानं पारावर ठरवून टाकलं होतं. पिंटू तेव्हापासून गावातून छाती काढूनच चालायचा.

पण यंदा नियम नवे होते. कप कमिटीचे अध्यक्ष, रिटायर मास्तर गुणवंतराव, यांनी एक यादी केली होती. नोकरीनिमित्त तालुक्यात आलेले किंवा ज्यांच्या गावाला संघच नाही असे सोळा खेळाडू तिच्यात होते. एकेका गावानं पाळीपाळीनं एकेक उचलायचा, असे दोन फेरे. मागच्या साली जो सगळ्यात खाली, तो सगळ्यात आधी. म्हणजे पहिली निवड खैरबोडीची. आणि उचललेल्या खेळाडूनं कप संपेपर्यंत आठ दिवस त्याच गावात राहायचं, जेवायचं.

यादीत पहिलंच नाव होतं निताई मंडल. बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातला हा पोरगा कोपऱ्यातून बॉल असा वळवायचा, की बॉल आधी झाडामागं जायचा, गोलकीपरला रामराम करायचा आणि मग जाळ्यात शिरायचा. कप्तान कोण यावरून त्याच्या गावचा संघ ऐन वेळी फुटला, म्हणून तो मोकळा. खुशाल आठवडाभर झोपेत त्याचंच नाव घेत होता.

“अवो, निताईसारखा खेळनारा पाच जिल्ह्यांत नाई,” खुशाल कळवळून म्हणाला.

“असन. पन गोल माराले तुमच्याकडं आधीच पाच जन हायेत. एकमेकाले बॉल देत नाई ते निराळं. गोलात कोन हाय? लटारूकाका. बॉल आला का डोये मिटते. आता सांगा, संघाले गरज कोनाची?”

हिशेब बरोबर होता. फक्त त्यात एक गोष्ट गोकुळानं सांगितली नव्हती. गावची एकुलती एक बोरिंग दोन महिन्यांपासून बंद होती. बाया अर्धा कोस चालून तलावाचं पाणी भरत होत्या. अख्ख्या तालुक्यात हातपंप दुरुस्त करणारा माणूस एकच, इसरू. अर्ज केला तरी तो तीन-तीन महिने फिरकायचा नाही. आणि हाच इसरू आठ दिवस गावात फुकट मुक्कामाला मिळत होता.

“इसरूले फुटबॉल येते का पन?”

“यायची गरज काय? त्याचं पोट पाह्यलं का? अर्धा गोल तं उभ्याउभ्याच झाकून राह्यते.”

निवडीच्या दिवशी शाळेच्या पटांगणात आठही गावं जमली. खुशालनं मनाशी पक्कं केलं होतं, घरी जे व्हायचं ते होवो, नाव निताईचंच घ्यायचं. गुणवंतरावांनी विचारलं, “हं, खैरबोडी?” खुशालनं छाती फुगवली आणि सहज मागं पाहिलं. मागं गावच्या चाळीस बाया उभ्या होत्या. प्रत्येकीच्या कमरेवर रिकामी घागर. गोकुळानं फक्त घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली.

“इसरू,” खुशाल म्हणाला.

पटांगण हसून लोटपोट झालं. पिंटू तर मास्तरांच्या टेबलाला धरून हसला. पण दुसरी पाळी ज्यांची होती, त्या गावच्या बाया हसल्या नाहीत. त्यांच्यात कुजबूज झाली आणि त्यांचा कप्तान पडलेल्या चेहऱ्यानं पुढं आला. “आमाले लाईनमन द्या गुर्जी. गावात पंधरा दिवस झाले लाईन नाई.” तिसऱ्या गावाला वाटलं, आपणच तेवढे मागं राहतो. त्यांनी कंपाउंडर उचलला. चौथ्यानं ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, पाचव्यानं न्हावी. चिंचतुकूमवाल्यांनी भात कांडायच्या मशीनचा मेकॅनिक नेला. आठव्या गावाला सप्ताह करायचा होता, त्यांनी पेटीमास्तर घेतला. त्याला पाय उचलता येतो की नाही हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

इकडं निताई बिचारा मधोमध उभा राहून बॉल डोक्यावर नाचवत होता, मानेवरून पाठीवर, पाठीवरून टाचेवर. बघणारी फक्त एक बकरी होती.

आठ निवडी झाल्या आणि पाळी फिरून खैरबोडीवर आली. खुशालचा आपल्या नशिबावर विश्वास बसेना. तो जवळजवळ ओरडलाच, “निताई मंडल!”

गोलकीपरही मिळाला, गोल मारणाराही मिळाला. खुशाल घरी आला तो तरंगतच. इसरूनं अर्ध्या तासात बोरिंगचा वायसर बदलला, पाण्याची धार पडली, आणि त्या घटकेपासून गावच्या बाया त्याला जावयासारखं जेवू घालू लागल्या. सकाळी झिंगे, दुपारी मरळ, संध्याकाळी पुन्हा झिंगे. मॅचच्या आदल्या दिवशी त्याला वाकून बूट बांधता येईना, ते पिंटूनं बांधून दिले.

घोळ झाला तो जर्सी वाटताना. इसरूला पहिल्या नंबरची पिवळी जर्सी दिली, तसा निताई ताडकन उठला.

“एक नंबर मला पाहिजे.”

“अगा, एक नंबर गोलकीपरचा असते,” खुशालनं समजावलं. “तू नऊ नंबर घाल. मोठमोठे घालते.”

“आठ लोकांच्या मागून घेतला मला. लाईनमनच्या मागून! पेटीमास्टरच्या मागून! माझी आई दोन दिवस जेवली नाही. एक नंबर देणार तर खेळणार, नाही तर चाललो.”

“दे ना बापा,” इसरू म्हणाला. “मले ते पिवळं बोचूनच राह्यलं पोटावर.”

गावाचं म्हणणं पडलं, पिवळी जर्सी घातली तर माणूस गोलातच उभा राहिला पाहिजे, मास्तरांचा नियम आहे. मग निताईची पुढची जागा रिकामी झाली आणि बाकी सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. अशा रीतीनं, पाच जिल्ह्यांतला सगळ्यात चांगला गोल मारणारा खैरबोडीच्या गोलात उभा राहिला आणि बोरिंगवाला त्याच्या जागी पुढं. पिंटूनं त्याच संध्याकाळी कप्तानाचा पट्टा दंडावर बांधून, ढिला होतो का ते पाहून घेतलं.

पहिली मॅच चिंचतुकूमशी. मैदान म्हणजे धानाच्या दोन खाचरांमधला धुरा, म्हणजे मातीचा बांध, फोडून सपाट केलेली जागा. निताई गोलात रागानंच उभा होता आणि येईल तो बॉल त्याच रागानं पकडत होता. पन्नास मिनिटं झाली, शून्य-शून्य. खैरबोडीच्या इतिहासात शून्य हा आकडा स्वतःच्या बाजूनं अनेकदा लागला होता, समोरच्या बाजूनं पहिल्यांदाच. खुशाल मनाशी घोकत होता, आता एक गोल, फक्त एक.

तेवढ्यात निताईनं लांब लाथ मारली आणि बॉल नेमका इसरूच्या पोटावर आदळून त्याच्या पायाशी पडला. चिंचतुकूमचा आडदांड बॅक सोमारी बैलासारखा त्याच्यावर धावून आला. आणि मैदानाबाहेरून सोमारीच्याच बायकोची किंकाळी आली.

“अवो! त्याले लागू देऊ नोका! आपली बोरिंग बंद हाय!”

सोमारी जागच्या जागी थांबला. चिंचतुकूमची बोरिंग तीन महिन्यांपासून बंद होती, आणि चिंचतुकूमला तर तलावही नव्हता.

“पाय मोडला तं वरीसभर पानी तुमी आनसान का?” दुसरी ओरडली.

“सरका ना बाजूले! इसरूभाऊ, जा तुमी आरामात जा!”

इसरूनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि बॉल ढकलत चालू लागला. धावला नाही, झिंगे पोटात होते. एक बॅक सरकला, दुसरा सरकला. तिसऱ्यानं तर वाटेतला ढेकूळ उचलून बाजूला ठेवला. गोलकीपर हात पसरून उभा होता, पण त्याची आई मागंच होती. “हात खाली घे रे मेल्या!”

इसरूनं अगदी जवळ जाऊन बॉल आत ठेवला. मारला नाही, ठेवला. मग गोलकीपरला म्हणाला, “परवा येतो. वायसर आनून ठेवजा.”

एक-शून्य. सात वर्षांनी खैरबोडी जिंकली. खुशाल कडेच्या धुऱ्यावर चढून नाचला. कप्तानी वाचली होती! पण पिंटू खाली बसल्या बसल्या विचार करत होता, आणि पिंटूनं विचार केला की काहीतरी बिघडायचंच.

“एक इचारतो,” तो सगळ्या गावासमोर उभा राहिला. “मॅच जिंकली इसरूभाऊनं. इसरूभाऊले निवडलं कोनं? भाऊजीनं तं रडत रडत नाव घेतलं. निवड गोकुळाबाईची होती.”

गाव विचारात पडलं. बायांना विचार करायची गरजच नव्हती. चाळीस हात वर गेले आणि गोकुळा कप्तान झाली. पट्टा आपल्यालाच मिळेल असं समजून उठलेला पिंटू तसाच उभा राहिला.

गोकुळानं पदर खोचला, मास्तरांची पेन्सिल मागून घेतली आणि तिथंच बसून मंगळवारच्या मॅचची यादी केली. गोलात निताई, पुढं इसरू. दहा नावं झाली. खुशालनं मान लांब करून कागद पाहिला.

“माहं नाव?”

“तुमीच सांगा,” गोकुळा म्हणाली. “खेळ चांगला मनून घेऊ, का संघाले गरज हाय मनून?”

खुशालनं तोंड उघडलं. डोळ्यांसमोरून सात वर्षांच्या मॅचा गेल्या. त्यानं तोंड मिटलं. मग हळूच म्हणाला, “गरज हाय मनून.”

“कोन्ती गरज?”

खुशालनं सगळ्या गावाकडं एकदा पाहिलं.

“मंगळवारी हरलो तं कोनाच्या नावानं बोंबलान?”

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. इसरूनं मान हलवली, पिंटूनंसुद्धा हलवली. गोकुळानं पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं केलं आणि अकरावं नाव लिहून टाकलं.