बांधावरून चला

जोमादादा आमच्या सोसायटीच्या आवारातून कधीही सरळ चालत नाहीत. गेटापासून अठरा पावलं पुढे, मग काटकोनात डावीकडे, दोन गाड्यांमधल्या फटीतून अंग चोरून पलीकडे, पुन्हा उजवीकडे. मधला मोकळा, फरशी घातलेला चौक ते ओलांडत नाहीत. मागून त्यांचा काळा कुत्रा राजा, तोही तसाच.

अकरा वर्षं मी हे खिडकीतून पाहिलं आणि म्हातारा जरा चळलेला आहे अशी समजूत करून घेतली. माझी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली, शेजारपाजार माझ्या बायकोच्या, सुधाच्या वाट्याला. कुत्रीही तिचीच. ज्येष्ठात सुधा गेली आणि बकुळचा पट्टा माझ्या हातात आला.

पहिल्याच सकाळी मी चौकातून निघालो.

"ओ मास्तर! भातातून कुठं चालला?"

मी खाली बघितलं. फरशी होती.

"बघता काय? बांधावरून चला."

गोखिवऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या जागी पूर्वी भातशेती होती आणि त्यातली सहा खाचरं जोमादादांची. इमारती उठल्या, त्यांना ए विंगमध्ये फ्लॅट मिळाला. खाचरांवर फरशी आली, पण बांध त्यांच्या पायांना पाठ आहेत. उभ्या पिकात पाय घालायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

माणसंही ते शेतावरूनच ओळखतात.

"तुम्ही कोन? सी विंग? म्हंजे पानथळीतले. भिंतीला ओल धरते का नाय?"

"धरते."

"धरनारच. तिथं आमचं भात कुजायचं."

रंगाऱ्याला हे सांगता आलं नव्हतं.

एकदा कुणीतरी नवी कोरी गाडी नेमकी बांधाच्या तोंडाशी लावली. जोमादादा वॉचमनवर तापले, "इथली मोरी अडवली! पानी जाईल कुठनं?" वॉचमन म्हणाला, "बाबा, कौनसा पानी?" आषाढात त्याला ते दिसलं. पाणी गाडीच्या दारापर्यंत आलं होतं आणि जोमादादा बाजूला उभे राहून अतिशय समाधानाने राजाचं डोकं खाजवत होते.

तेव्हापासून कुत्री फिरवणारे सगळेच त्यांच्यामागून जाऊ लागले. आम्ही पाच माणसं आणि पाच कुत्री. बांध एका माणसापुरता, म्हणून रांगेत. डी विंगच्या नायर मॅडम मोबाइलवर बोलता बोलता ओरडतात, "अंकल, अभी लेफ्ट?" आणि जोमादादा मागे न बघता म्हणतात, "पायाला इचारा!"

मला ही रांग मानवली. बोलायचं ते पुढच्याच्या पाठीशी. आपला चेहरा कुणाला दिसत नाही. कुणाचा मुलगा परीक्षेला बसलाय, कुणाला गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय, हे सगळं मला पाठींकडून कळलं.

अडचण एकच होती. चौकाच्या मधोमध बदामाच्या झाडाखाली एक बाकडं आहे. सुधा तिथे बसून बकुळला बिस्किट द्यायची. बकुळ रोज त्या दिशेला ओढायची आणि मी रोज तिला मागे खेचायचो. मला त्या बाकड्याजवळ जाववत नव्हतं. मुलगी पुण्याहून म्हणत होती, "बाबा, तिला कुणाला तरी देऊन टाका." मीही त्या विचारावर आलो होतो.

जोमादादांचंही एक थांबण्याचं ठिकाण होतं. मीटरच्या खोलीपाशी ते रोज दोन मिनिटं उभे राहत. राजासाठी असेल, असं मला वाटायचं. श्रावणातल्या एका सकाळी बघितलं, तर राजा नुसताच बसलेला. मी विचारलं.

"इथं आमची मंडळी भाकरीची टोपली उतरवायची," ते म्हणाले. "ती गेली. शेत तर तिच्या आधीच गेलं. आता मी पन सरळ चालाय लागलो, तर तिनं बसायचं कुठं?"

मग त्यांनी माझ्या हातातला ताणलेला पट्टा बघितला.

"आनि ही तिकडं का ओढते?"

मी सांगितलं. तोवर त्यांनी पुन्हा पाठ वळवली होती, म्हणून सांगता आलं.

जोमादादांनी बाकड्याकडे पाहिलं. मधे वीसेक पावलांचं खाचर होतं. त्यांनी चप्पल काढून हातात घेतली आणि सरळ चौकात पाय टाकला.

"जोमादादा, भात!" मी म्हणालो.

"कापनी झाली," ते पुढे बघत म्हणाले.

कापणीला अजून दोन महिने होते. माझ्या हातून पट्टा सुटला होता आणि बकुळ केव्हाच बाकड्यापाशी पोहोचून माझी वाट बघत होती. मी गेलो. तिच्याशेजारी बसलो. खिशात बिस्किट नव्हतं. नायर मॅडमनी त्यांच्याजवळचं दिलं.

त्या दिवसापासून आमचा बांध बाकड्यावरून वळतो. बकुळला कुणाला द्यायचं नाही, हे मुलीला कळवलंय. परवा एक नवे गृहस्थ पिल्लू घेऊन चौकातून तिरपे निघाले होते. जोमादादा अजून खाली उतरले नव्हते.

"अहो," मी हाक मारली, "बांधावरून चला."