टॉर्क कन्व्हर्टर निवडताना घ्यावयाची काळजी

प्रत्येक माणसाला दोन दिनक्रम असतात. एक तो जगतो तो, आणि दुसरा चारचौघांत कोणी विचारल्यावर सांगतो तो. यांपैकी दुसरा अधिक ग्राह्य धरण्यात येतो, कारण त्याला साक्षीदार असतात.

बारामतीचे जनावरांचे डॉक्टर निहार यांचा पहिला दिनक्रम असा होता : सकाळी पणदरे, तिथून कऱ्हाटी, दुपारनंतर इंदापूर तालुक्यात जिथून फोन येईल तिथं, आणि या सर्व ठिकाणी गाईच्या मागच्या बाजूला उभं राहणं. डॉक्टरांच्या हाताला गुण होता आणि फोन उचलायची सवय होती. दूधपट्ट्यात एवढ्यावर माणूस देव होतो. देव झालेल्या माणसानं लाल रंगाची, दोन दारांची, परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार घ्यावी, हे ओघानं आलंच. पुण्याच्या एका बिल्डरनं ती थोडी वापरून विकायला काढली होती, कारण तिच्यात बसता-उठताना त्याची कंबर धरायची. डॉक्टरांची कंबर आधीपासूनच धरलेली असल्यामुळे त्यांचं नव्यानं काही बिघडणार नव्हतं.

गाडी शोभेला ठेवायची नाही, रोजच्या कामाला वापरायची, असा डॉक्टरांचा निश्चय होता. त्यानुसार डिकीत गमबूट, गाय विताना लागणारे दोर, औषधांची पेटी आणि कृत्रिम रेतनाचा नायट्रोजनचा डबा यांची सोय करण्यात आली. गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटांवर होतं, त्यामुळे प्रत्येक गतिरोधकाला ती पोट टेकून पुढं जाई. तरीही लोकांना कौतुक होतं. ज्याच्या गोठ्यापुढं लाल गाडी उभी राही, त्याच्या म्हशीच्या दुखण्याला गावात एक वजन येई. (एकानं म्हैस ठणठणीत असताना डॉक्टरांना बोलावल्याचं ऐकिवात आहे. त्याच्याकडे त्या दिवशी सोयरीक जमवायला पाहुणे आले होते.)

अशी दोन वर्षं सुखात गेल्यावर गाडी थरथरू लागली. डॉक्टरांनी ती परवेजच्या गॅरेजमध्ये आणली. माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान गॅरेजला लागून आहे, त्यामुळे तांत्रिक चर्चांना मी पहिल्यापासून हजर असतो. गिऱ्हाईक आलं तर हाक मारतं.

परवेजनं गाडीखाली जाऊन, बाहेर येऊन, हात पुसत निदान केलं.

"डॉक्टर, टॉर्क कन्व्हर्टर ग्येला."

हा टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय, हे आम्हाला रमाकांत सरांनी समजावलं. सर शाळेतून पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेत आणि रोज गॅरेजच्या बाकावर बसून निवृत्त राहतात. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये तेलानं भरलेला, भोपळ्याएवढा लोखंडी डबा असतो. त्यात समोरासमोर दोन पंखे. इंजिन एक पंखा फिरवतं, त्यानं तेल घुसळतं, आणि त्या तेलाच्या रेट्यानं दुसरा पंखा फिरून गाडी हलते. इंजिनानं किती आरडाओरडा केला म्हणजे गाडीनं ते मनावर घ्यायचं, हे त्या डब्याच्या घडणीवर ठरतं. या मर्यादेला स्टॉल म्हणतात. कमी स्टॉलचा डबा असेल तर ब्रेक सोडताच गाडी मुकाट्यानं चालू लागते. जास्त स्टॉलचा असेल तर इंजिन आधी गरजतं, लोक वळून बघतात, आणि मग गाडी उडी घेते.

एवढं ऐकल्यावर आमच्यापैकी कोणाच्याही मनात कमी स्टॉलचा विचार आला नाही, हे नमूद केलं पाहिजे.

कंपनीचा मूळ भाग परदेशातून यायला फार दिवस लागणार होते. म्हणून दुसऱ्या बनावटीचा, इथंच मिळणारा घ्यायचं ठरलं. तो देणारे चिंचवडचे रणजितराव. त्यांना फोन लावला तेव्हा गॅरेजमध्ये बाकावर, टायरांवर आणि उलट्या बादल्यांवर मिळून बरीच मंडळी बसली होती. परवेजनं फोन स्पीकरवर टाकून बॉनेटवर ठेवला. हाच घोटाळा झाला. पण त्या वेळी ते पारदर्शक कारभारासारखं दिसलं.

"नमस्कार डॉक्टर," रणजितराव म्हणाले. "गाडी वापरता कशी, त्यावर कन्व्हर्टर ठरतो. मी विचारतो ते खरं सांगा. चालवता कुठं?"

डॉक्टरांनी मंडळींकडे पाहिलं. मंडळी डॉक्टरांकडे पाहत होती.

"हायवेला," डॉक्टर म्हणाले. "मुख्यतः हायवे."

"आन् ट्रॅकवर," परवेज कुजबुजला.

"ट्रॅकवरही जातो."

"तिकडं ट्रॅक आहे?" रणजितरावांना आश्चर्य वाटलं.

"एमआयडीसीत सरळ रस्ता आहे," रमाकांत सर म्हणाले. (यात खोटं काही नव्हतं. रस्ता आहे आणि तो सरळच आहे.)

"बरं. साधारण वेग?"

"दोनशेच्या आसपास," डॉक्टर म्हणाले. इंदापूर रस्त्यावर त्यांचा वेग वीसच्या आसपास असे. एका शून्याचाच काय तो फरक.

"आता महत्त्वाचं. गर्दीत, थांबत-थांबत, सरपटत चालवायची वेळ कितपत येते?"

डॉक्टरांच्या डोळ्यांपुढं उसाच्या ट्रॉल्या येऊन गेल्या, हे मी शेजारून पाहिलं.

"येत नाही," ते म्हणाले.

"मग हाय स्टॉल बसेल. पण डॉक्टर, पुन्हा विचारतो, रोजच्या वापराची गाडी नाही ना? रोज सरपटायचं असेल तर हा चुकूनही घेऊ नका. आत तेल नुसतं घुसळत राहतं, उकळतं, आणि गाडी वाटेत बसते."

"रोजची?" डॉक्टरांच्या आधी परवेजच हसला. "सायेब, असली गाडी रोज कोन चालवतंय?"

मंडळीही हसली. गाडीच्या डिकीतून त्या वेळी गमबुटाच्या शेणाचा वास येत होता, पण तो फोनवरून चिंचवडला पोचला नाही.

भाग येईपर्यंत डॉक्टर मोटारसायकलवरून फिरले. या काळात ते सगळीकडे वेळेवर पोचले, एकही जनावर दगावलं नाही, आणि कोणी दखलही घेतली नाही. कन्व्हर्टर बसल्यावर त्यांनी मोटारसायकल दवाखान्यातल्या कंपाउंडरला देऊन टाकली. दोन वाहनं असली की माणसाचा निर्धार डळमळतो, असं ते म्हणाले.

पहिल्या दिवशी गाडी चालू केली तेव्हा इंजिन असं गरजलं की माझ्या दुकानातल्या झेरॉक्स मशिनवरचे कागद उडाले. गाडी जागची हलली नाही. मग एकदम सुटली. टाळ्या झाल्या. परवेजनं स्वतःच्या फलकावर 'स्पोर्ट्स कार स्पेशालिस्ट' असं लिहून घेतलं. त्याच आठवड्यात कऱ्हाटीला एका गोठ्यापुढं गाडी वळवताना ती कडब्याच्या गंजीत शिरली. गंजीच्या मालकानं तक्रार केली नाही. फोटो काढला.

लौकिक दूरवर गेला. आपल्या डॉक्टरांची गाडी दोनशेनं पळते आणि बोलावल्यावर पाणी प्यायच्या आत दारात येते, असं इंदापूर तालुक्यापर्यंत बोललं जाऊ लागलं. डॉक्टरांनी हे कधी नाकारलं नाही. त्यांचा स्वभाव भिडस्त आहे.

ऐन गाळपाच्या हंगामात एका दुपारी अंथुर्ण्याहून सुप्रियाचा फोन आला. ही बनाबाईंची सून. बनाबाईंच्या घरी तीन गाई, त्यातली एक पहिलारू, आणि तीच विताना अडली होती.

"डॉक्टर, दोन पाय दिसत्यात, पर मुंडकं न्हाय दिसत. गाय खाली बसलीया."

"वासराची मान मागं वळली असणार. ओढू नका. निघालोच मी," डॉक्टर म्हणाले, आणि खरोखर त्याच क्षणी निघाले. त्यांच्या कर्तव्यदक्षतेबद्दल आजही कोणाचं दुमत नाही.

साखर कारखान्याच्या अलीकडं उसानं भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. रांग चार हात सरकायची आणि थांबायची. मोटारसायकली कडेच्या मातीतून निघून जात होत्या. लाल गाडीला ती माती झेपणारी नव्हती. डॉक्टर ब्रेक सोडत, इंजिन गरजे, गाडी उडी घेई, पुढं ट्रॉली असल्यामुळे ब्रेक दाबावा लागे. डब्यातलं तेल घुसळत राहिलं. काही वेळानं जळका वास आला, समोरच्या काचेखाली लाल दिवा लागला, आणि रणजितरावांनी सांगितलं होतं त्यात काडीचाही बदल न होता गाडी वाटेत बसली.

"डॉक्टर, कुटवर आलाय?" सुप्रियाचा फोन.

"आलोच."

"गाय लई कण्हतीया ओ."

"आलोच म्हटलं ना."

डॉक्टरांनी दोर आणि पेटी काढली. तोवर गाडीभोवती पोरं जमून फोटो काढू लागली होती. एकानं त्यांना दोर खांद्यावर घेऊन गाडीशेजारी उभं राहायची विनंतीही केली. डॉक्टर रांगेच्या कडेनं पळत सुटले. कारखाना ओलांडल्यावर ऊस उतरवून परत निघालेला एक रिकामा ट्रॅक्टर मिळाला. मडगार्डवर बसून, गचके खात ते अंथुर्ण्याला पोचले. ट्रॅक्टरचा वेगही वीसच होता, पण तो कुठं थांबला नाही.

गोठ्यात गेल्यावर त्यांनी शर्ट काढला, खांद्यापर्यंत हात घातला आणि वासराची मान सरळ केली. ते काम त्यांना उत्तम येतं. गाय वाचली. वासरू बाहेर आलं ते हललं नाही. डॉक्टरांनी त्याच्या नाकातलं काढलं, छाती चोळली, मागचे पाय धरून उलटं लटकवलं, पुन्हा छाती चोळली. बराच वेळ ते चोळत राहिले. शेवटी बनाबाईंनीच त्यांच्या हातावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या आता. कालवड हुती," त्या म्हणाल्या.

डॉक्टर हौदाशी बसून हात धूत राहिले. हात स्वच्छ झाल्यावरही धूत राहिले. सुप्रियानं चहा आणून ठेवला. बनाबाई गाईच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"गाडी बरी हाय का तुमची? ट्रॅक्टरवाला म्हनला, बंद पडली वाटंत."

डॉक्टरांनी हाताला पुन्हा साबण लावला.

"लई जोरात पळती म्हन्त्यात. म्हनून तर आमी सरकारी डॉक्टरला फोन केला न्हाय. त्यो हितंच असतोय, मारुतीच्या देवळामागं. म्हनलं, त्यो चालत येस्तवर आपलं डॉक्टर येत्यालच की."

त्यांच्या बोलण्यात दोष कुठंच नव्हता. त्यांनी फक्त ऐकलेली माहिती खरी धरली होती. डॉक्टरांनी चहा घेतला नाही. निघण्यापूर्वी त्यांनी चुलीतला एक विझलेला कोळसा मागून घेतला, आणि गोठ्याच्या भिंतीवर, दाव्याच्या खुंटीच्या वर, सरकारी डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिला. नंबर त्यांना पाठ होता. स्वतःचा लिहिला नाही.

गाडी ओढून गॅरेजला आणल्यावर रणजितरावांना पुन्हा फोन लागला. मंडळी तीच होती, जागाही त्याच. परवेजनं सवयीनं फोन स्पीकरवर टाकला.

"डॉक्टर, चालवता कुठं?"

"गोठ्यांना," डॉक्टर म्हणाले. "पणदरे, कऱ्हाटी, अंथुर्णे. शेतातल्या वाटांनी."

टायरांवरची मंडळी एकमेकांकडे बघू लागली.

"आणि वेग?"

"वीस. रस्ता मोकळा असला तर चाळीस. अर्धा वेळ उसाच्या ट्रॉलीमागं."

"ट्रॅक?"

"कधीच नाही. मला भीती वाटते."

"सायेब," परवेज घाईनं फोनवर वाकला, "डॉक्टर जरा टेन्शनमदी हायेत. त्यांचं मनाला लावून घिऊ नका."

रमाकांत सरांनीही, ताण आला की माणूस आकडे कमी सांगतो, असं मत नोंदवलं. पलीकडून रणजितराव हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, हे खरं आहे ना? नाही, इतकी वर्षं हा धंदा करतोय, पण अशी उत्तरं मला अजून कोणी दिली नव्हती. म्हणून खात्री करतो."

"खरं आहे," डॉक्टर म्हणाले आणि फोन ठेवून बाहेर जाऊन उभे राहिले.

कमी स्टॉलचा कन्व्हर्टर आला, तेल गार ठेवायची जाळी आली, दोन्ही बसवलं. आता ब्रेक सोडला की गाडी आवाज न करता चालू लागते आणि ट्रॉलीमागं दिवसभर चालत राहते. डॉक्टर वेळेवर पोचतात. गाडीतला दम गेला, असं गावात सर्वानुमते ठरलेलं आहे. फोटो काढायला कोणी येत नाही. परवेजला तर या कामाची इतकी लाज वाटली की त्यानं डॉक्टरांना, बसवला कुणी हे कुणाला सांगू नका, अशी गळ घातली.

काढलेला हाय स्टॉल कन्व्हर्टर मात्र त्यानं साफ केला, आतले जळके भाग बदलले, आणि गॅरेजच्या दर्शनी भागी विक्रीला ठेवला. मागणी चांगली आहे. बायकोला बँकेत सोडून घरी येणारे एक गृहस्थ दोनदा येऊन गेले. मुलांच्या शाळेच्या वाटेवर गाडी चालवणाऱ्या एका वकिलानं तो हातात घेऊन वजन करून पाहिलं. दोघांनीही, मुख्यतः हायवेच, असं आपणहून सांगितलं.

आपल्यालाही हवा असल्यास फक्त गाडीचं नाव कळवावं. ती कुठं आणि कशी चालवता, हे परवेज आता कोणाला विचारत नाही. तुमचं उत्तर त्याला पाठ आहे.