सारख्या गाड्यांचे तायडेकाका

आमच्या राजापेठेतले तायडेकाका चहा पिण्याआधी तुमचा कप आपल्या कपाशेजारी ठेवतात आणि खाली वाकून दोन्हींतली पातळी बघतात. तुमच्यात कमी असेल तर आपला ओततात. जास्त असेल तर तुमचा काढून घेतात, न विचारता. "सारखं म्हंजे सारखं!" लग्नाच्या पंगतीत हा माणूस शेजारी बसला, तर जेवणाचं वाटोळं ठरलेलं.

या खुळाचा उपयोग आयुष्यात एकदाच झाला. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याला मोटारींच्या शर्यतींची मालिका भरवायची हुक्की आली. दहा जुन्या गाड्या, सगळ्या एकाच मॉडेलच्या. कोणती कुणाला, ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. म्हणजे जिंकायचं ते स्वतःच्या हिमतीवर. भातकुलीजवळच्या पडीक वावरात रिंगण आखलं, कडेनं सरकीची पोती रचली. गाड्या सारख्या आहेत की नाहीत हे तपासायला जन्मभर मोटारी दुरुस्त केलेले तायडेकाका.

काकांनी जीव ओतला. टायरमधली हवा सारखी, टाकीतलं पेट्रोल सारखं. एका गाडीला लिंबू-मिरची दिसली, तर जिनिंगवाल्यापाशी गेले. "एकीले लिंबू आन नऊ उघड्या? दहाईले बांधा, नाई तं सोडा!" हरलेला कुणी कुरकुरला की, "गाडी सारखी, मंग रडतं कावून?"

दुसऱ्या शर्यतीत त्यांची मुलगी प्राची पहिली आली. मागच्या नऊ पोरांनी बोंब ठोकली, तपासणारा बाप, मग काय! काकांनी तिथेच, सगळ्यांसमोर, तिच्या गाडीचं इंजिन खोललं. काही सापडलं नाही. पोरं गप्प झाली, पण काकांना चैन पडेना. तिसऱ्या शर्यतीतून त्यांनी तिचं नावच काढलं. "लोकाइले बोलाले जागा नको. शेवटच्या शर्यतीत उतर, तवा दुसरा कोनी तपासंल." प्राची हेल्मेट काखेत धरून सरकीच्या पोत्यावर बसली आणि शर्यत बघत राहिली. मला तेव्हा काकांचा भयंकर राग आला होता.

शेवटची शर्यत झालीच नाही. अवकाळी पाऊस आला आणि गाड्या आसापर्यंत चिखलात रुतल्या. काळ्या मातीत शर्यती भरवू नयेत हे वऱ्हाडात शेंबडं पोरही सांगेल, पण हौसेला मोल नाही. गाड्या भंगारात गेल्या. प्राची पुण्याला नोकरीला गेली. गाडी चालवणं तिनं सोडलं.

काका मात्र अजून अकोल्याला जाऊन जिनिंगवाल्याच्या दारात बसतात. "एकच शर्यत घ्या जी, फक्त एक." परवा मीही सोबत होतो. वॉचमननं आतसुद्धा सोडलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "काका, सोडा आता. पोट्टी कवाचीच इसरली असंल."

बडनेऱ्याला बस थांबली, तेव्हा काका माझ्याकडे वळले.

"नाई इसरली, बावा. दिवाळीत आली तवा इचारे, बाबा, मी जितली थे तुमाले तरी खरं वाटलं होतं का?"

"मंग?"

"म्या म्हनलं, इंजिन खोलून पाह्यलं ना म्या." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "हासली जराशी. मंग बॅग भराले लागली. मले निस्तं 'हो' म्हनाचं होतं रे."