शुक्रवारपर्यंत प्रबोधला काढणे

"यंदा पहिला नंबर माझाच! लिहून ठेव!" असं निशिकांत देवस्थळीने बायकोला ठणकावून सांगितलं तेव्हा २००८चा ऑक्टोबर चालू होता. जगभर बँका धडाधड कोसळत होत्या. सिंगापुरात तांजोंग पगार भागातल्या ज्या बँकेत निशिकांत कॉम्प्युटर सांभाळायचा, तिथेही लोक लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलेनासे झाले होते. आणि ह्या गृहस्थाला काळजी कसली, तर कॅनडातल्या एका गोलकीपरच्या मांडीची!

"तुझा हॉकीशी संबंध काय?" सुनेत्राने विचारलं.

"शाळेत खेळलोय की!"

"ती मैदानावरची. ही बर्फावरची आहे. आणि शाळेत तू बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायचास, तुझ्या आईनेच सांगितलंय मला."

हे खूळ आणलं त्याच्या मित्राने, क्षितिजने. टोरांटोत सहा वर्षं काढून तो जुरोंग ईस्टच्या कॉन्डोत, म्हणजे पोहायचा तलाव-बिलाव असलेल्या सोसायटीत, राहायला आला आणि येताना हॉकी पूल घेऊन आला. पूल म्हटल्यावर सुनेत्राने पहिल्या रविवारी लेकीचा, आर्याचा, पोहण्याचा ड्रेस पिशवीत भरला होता बिचारीने! पण हा पूल कागदावरचा. सहा मित्र. प्रत्येकाने तिकडच्या खऱ्या खेळाडूंमधून आपली टीम निवडायची. तिकडे त्यांनी गोल मारला की इकडे आपल्याला पॉइंट. सगळ्या टीमचा मिळून कागदावरचा पगार ठरलेल्या आकड्याच्या वर जाता कामा नये. सहा महिन्यांनी जो शेवटचा येईल, त्याने सगळ्यांना पुरणपोळ्या करून घालायच्या. स्वतःच्या हाताने! बायकोने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीही यायचं नाही.

आता अडचण अशी, की हे खेळाडू कोणी फिनलंडचे, कोणी स्लोव्हाकियाचे. नावं उच्चारायची तर तोंडात गरम बटाटा धरावा लागायचा. म्हणून निशिकांतने सगळ्यांना घरगुती नावं ठेवली. गोलकीपर म्हणजे सासूबाई, कारण त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. आणि उजवीकडून पळणारा एक धिप्पाड गडी होता, पगार भरमसाट, पण गुडघा दुखरा. त्याचं नाव ठेवलं प्रबोध.

खरा प्रबोध कारखानीस निशिकांतच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. त्याचाही गुडघा दुखायचा. भला माणूस हो! निशिकांतला ह्या बँकेत चिकटवला त्याने. सुरुवातीला घर मिळेपर्यंत महिनाभर आपल्या घरी ठेवून घेतला, त्याच्या बायकोने, नंदाने, रोज डबा दिला. खेळात त्याला काडीचा रस नाही, त्यामुळे पुलाचं त्याला कोणी बोललंच नव्हतं. आपल्या नावाचा एक माणूस कॅनडात बर्फावर आपटतोय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

सकाळी आठला सिंगापुरात ऑफिसं उघडतात तेव्हा तिकडे संध्याकाळचे सामने रंगात येतात. निशिकांत एका खिडकीत बँकेचं काम उघडायचा, दुसऱ्या खिडकीत स्कोअर. बॉस आला की खिडकी बदलायची. हे त्याला इतकं सफाईने जमायला लागलं होतं की बॉसला, म्हणजे मिस्टर लिमना, काही कळत नाही अशी त्याची खात्रीच झाली. त्यात जानेवारीत लिमने त्याला डिपार्टमेंटमध्ये कोण काय काम करतं त्याचा तक्ता करायला सांगितला. मग काय विचारता! "माझ्याशिवाय लिमचं पान हलत नाही," असं तो प्रबोधला येता-जाता ऐकवू लागला.

फेब्रुवारीत माणसं जाऊ लागली. ऑफिसात ऑर्किड नावाची मीटिंगची खोली होती. शुक्रवारी एकेकाला ऑर्किडमध्ये बोलावायचे आणि तो बाहेर यायचा तो हातात पुठ्ठ्याचं खोकं घेऊनच. नोकरी गेली की इथे राहायचा पास रद्द, आणि पास रद्द झाला की तीस दिवसांत देश सोडायचा. प्रबोधची लेक अदिती सहावीत होती. वर्षाच्या शेवटी तिची पीएसएलई, म्हणजे ज्या परीक्षेसाठी इथली पोरं दोन दोन वर्षं घासतात ती. प्रबोधने ऑर्किडकडे बघणंच सोडून दिलं. तो बाथरूमलाही लांबून वळसा घालून जायचा.

मार्चचा पहिला आठवडा. पुलाचे शेवटचे बदल करायची मुदत शुक्रवारपर्यंत. निशिकांत तळाला पोचला होता. मंगळवारी त्याने टीमचा कागद मराठीत टाईप केला, म्हणजे ऑफिसात कोणाला कळायला नको! प्रिंट दिला आणि तेवढ्यात लिमने हाक मारली म्हणून गेला, तो विसरलाच.

त्या मजल्यावर मराठी वाचता येणारं आणखी एकच माणूस होतं. त्याने तो कागद प्रिंटरवरून उचलला. त्यावर लिहिलं होतं:

"शुक्रवारपर्यंत प्रबोधला काढणे. पगार मोठा, गुडघा गेलेला, दोन महिने काही उपयोग नाही. त्याच्या जागी रशियन पोरगा स्वस्तात मिळतोय. सासूबाई राहू देत."

प्रबोधने तो तीन वेळा वाचला. सासूबाईंचं काही लागेना, पण बाकी सगळं लागलं. लिमचा तक्ता करणारा निशिकांतच, म्हणजे कागदही त्याचाच!

बुधवारी सकाळी निशिकांतच्या टेबलावर नंदाने केलेल्या नारळाच्या वड्यांचा डबा. प्रबोध लिफ्ट सोडून सहा मजले जिन्याने चढून आला, घामाने निथळत, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गुडघा एकदम झकास!" निशिकांत वड्या खात राहिला.

दुपारी दोघं हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेले. प्रबोधने डोश्याला हात लावला नाही. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "निशी, तो कागद... मी वाचला रे."

निशिकांत ओशाळला. नाव ठेवलेलं उघडकीला आलं! "वाचलास? अरे बापरे! हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस हं. नाव तुझं आहे, पण त्यात पर्सनल काही नाही."

"शुक्रवारी... नक्की का?"

"नक्की. मलाही वाईट वाटतंय रे. ऑक्टोबरपासून किती सांभाळून घेतलं! पण दोन महिने शून्य काम! किती दिवस ठेवायचा?"

प्रबोधचा चेहरा कागदासारखा झाला. "तो रशियन... अनुभव आहे त्याला?"

"कसला अनुभव! एकोणीस वर्षांचं पोर! पण पळतो काय, तू बघच!"

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना! कालच मेल टाकला. सगळे म्हणाले, हे आधीच करायला हवं होतं." निशिकांतने त्याच्या पाठीवर थाप मारली. "तो डोसा खाणार नसशील तर मी घेऊ?"

त्याने डोसा खाल्ला हो! चटणीसकट.

शुक्रवारी दहा वाजता लिमने निशिकांतला ऑर्किडमध्ये बोलावलं. आत टेबलावर रिकामं खोकं होतं.

"सिट, सिट," लिम म्हणाला. "आय टेल यू ऑनेस्टली. टुडे इज युअर नेम. एव्हरी मॉर्निंग हॉकी, हॉकी. यू थिंक आय ब्लाइंड, आ?" त्याने खोकं खाली ठेवलं. "बट यस्टर्डे प्रबोध रिझाइन. वन मॅन आय मस्ट कट, वन मॅन गो ऑलरेडी. सो यू स्टे. व्हेरी लकी, लाह!"

निशिकांत धडपडत टेबलाशी आला. प्रबोधची नोटीस महिन्याची होती, तरी तो आत्तापासूनच ड्रॉवर आवरत होता.

"अरे, राजीनामा? डोकं फिरलंय का तुझं?"

प्रबोधने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. "हाकलून घालवायच्या आधी आपणच निघावं म्हटलं. तेवढीच अब्रू राहते. परत कधी अर्ज करायचा झाला तर बरं."

निशिकांतने कागद पाहिला. मग प्रबोधकडे पाहिलं. मग डोसा आठवला.

"अरे प्रबोध, तो कागद म्हणजे..."

त्याने मान वळवली. काचेपलीकडे लिम बसला होता आणि ते खोकं त्याच्या पायाशी होतं. खरं सांगितलं तर प्रबोध आत्ता तिकडे जाऊन राजीनामा मागे घेणार. मग काढायला एक माणूस कमी पडणार, म्हणजे पुन्हा ह्याचाच नंबर. आर्या दुसरीत, फ्लॅटचा करार दोन वर्षांचा, सुनेत्राचा पास ह्याच्याच पासावर.

"म्हणजे काय?" प्रबोधने विचारलं.

"...चहा घेतोस?" निशिकांत म्हणाला.

घरी सुनेत्राला सगळं सांगितल्यावर ती खुर्चीत बसूनच राहिली. आर्याने विचारलं, "मम्मी, व्हाय यू ॲंग्री?" सुनेत्राने तिला आतल्या खोलीत पाठवलं.

"सोमवारी जाऊन सांग," ती म्हणाली.

"सोमवारी सांगतो."

सोमवारी लिम रजेवर होता. पुढच्या सोमवारी प्रबोधची विमानाची तिकिटं निघाली होती. त्याच्या पुढच्या सोमवारी अदितीचं नाव शाळेतून काढलं. सुनेत्रा दर सोमवारी सकाळी त्याच्याकडे बघायची, मग एका सोमवारी तिने बघणं बंद केलं. मला विचाराल तर त्याच दिवशी तो खरा हरला.

पुलात तर तो हरलाच. काढून टाकलेल्या त्या कॅनडातल्या प्रबोधचा गुडघा मार्चच्या मध्यात बरा झाला, आणि गडी असा सुटला की नऊ सामन्यांत अकरा गोल! रशियन पोरगा पहिल्याच दिवशी खांद्यावर आपटला. निशिकांत शेवटचा आला, एका पॉइंटने.

पुरणपोळ्यांची पार्टी क्षितिजच्या कॉन्डोत ठरली. प्रबोधचं कुटुंब त्यानंतर लगेचच निघणार, म्हणून सगळ्यांनी मिळून त्यांचा निरोपसमारंभही त्यातच घातला. सामानाचं वजन जास्त होतंय म्हणून नंदाने बरीच भांडी वाटून टाकली होती. पुरणयंत्र तिने सुनेत्राला दिलं. "तुला उपयोगी पडेल गं, मला पुण्यात दुसरं मिळेल," म्हणाली. त्या पुरणयंत्रातून निशिकांतने चार तास पुरण वाटलं. डाळ कच्ची, गूळ जास्त. पुरण इतकं सैल झालं की पोळीत थांबेना. सुनेत्रा बाहेर हॉलमध्ये बसून होती. नियमच होता तसा.

जेवताना क्षितिज रंगात आला. पोळीचा तुकडा उंच धरून ओरडला, "मंडळी, प्रबोधला काढला ना, तिथेच सगळं बोंबललं! प्रबोधला कोणी काढतं का?"

सगळे खो खो हसले. निशिकांतचा घास हातातच राहिला. आता फुटलं!

पण प्रबोध उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. "क्षितिज, तू एवढं म्हणालास, बरं वाटलं रे," तो म्हणाला. मग निशिकांतकडे वळून त्याने त्याचे दोन्ही हात धरले. "पण खरे उपकार ह्याचे. ह्याने मला तोंडावर सांगितलं, लपवलं नाही. म्हणून मान वर करून जातोय. दुसरा कोणी असता तर स्वतःची नोकरी सांभाळत गप्प बसला असता."

कोणाला काही नीट कळलं नाही, पण टाळ्या वाजल्या. नंदाने पदराने डोळे पुसले. अदिती वाटीतलं दूध ढवळत बसली होती.

निशिकांत गप्प बसला.

"अगं, तोंडात पोळी होती म्हणून बोलता आलं नाही," असं तो सुनेत्राला आजही सांगतो.

"कुठली पोळी?" सुनेत्रा म्हणते. "घास तर हातात होता तुझ्या!"