स्वस्तातला गोलकीपर

त्या शनिवारी दुपारी बाथरूममधला गळका नळ मी स्वतःच आवळायचं ठरवलं, आणि तिथूनच सगळं फिसकटलं. नळ आठवडाभर टिपटिपत होता. मी हॉलमध्ये फोनवर माझी फुटबॉलची टीम शेवटची तपासत होतो आणि ती टिपटिप डोक्यात जात होती. शेवटी उठलो, पाना घेतला आणि रागाच्या भरात असा काही पिळला की अख्खा नळ माझ्या हातात आला. भिंतीतून पाण्याची धार थेट माझ्या तोंडावर. खाली जाऊन इमारतीचा मुख्य कॉक बंद करावा म्हटलं, तर पंपाच्या खोलीला कुलूप. वॉचमन किल्ली खिशात घालून मॅच बघायला गेला होता.

मला राग लवकर येतो, हे कबूल. पण मी विजेच्या बिलांच्या तक्रार खिडकीवर बसतो. दिवसभर माणसं माझ्यावर ओरडतात आणि मी 'बघतो हं' म्हणतो. मला ओरडायला कुठली खिडकी आहे? म्हणून मी घरी येऊन चपलेवर, पंख्याच्या बटणावर, वर्तमानपत्राच्या घडीवर ओरडतो. बायको म्हणते, 'बघते हं.'

आता त्या टीमबद्दल. शाळांना सुट्टी लागली की पहिल्या आठवड्यात आमच्या ऑफिसात एकालाच रजा मिळते आणि दरवर्षी ती कॅशियर लाटतो. दरवर्षी त्याची एक आत्या नेमकी त्याच आठवड्यात अत्यवस्थ होते. (त्याच्या वडिलांना बहिणी किती, हे एकदा मोजायला हवं.) इकडे माझ्या बायकोने अजून समुद्र पाहिलेला नाही. लग्न ठरलं तेव्हा मी तिला कबूल केलं होतं, आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात माझी रजा नामंजूर होते. यंदा आमच्या भांडणांना कंटाळून मोठ्या साहेबांनी फतवा काढला, की शनिवारच्या मॅचेसवर सगळ्यांनी फोनवर टीम लावायची, ज्याचे गुण जास्त त्याला रजा. साहेब फुटबॉलचे वेडे आहेत. नाटकाचे वेडे असते तर आम्हाला तोंडाला रंग फासावा लागला असता.

खेळ तसा सोपा. शहराच्या लीगमधल्या प्रत्येक खेळाडूची किंमत ठरलेली आणि सगळ्यांना खर्चायला रक्कम सारखीच. दोन नावाजलेले घेतले की खिसा रिकामा, मग उरलेल्या जागी हाती लागतील ते दगडधोंडे. कॅशियर असाच खेळतो. खरी गोम आहे ती स्वस्त पण कामाचा माणूस हुडकण्यात. बाकावर बसणारा स्वस्त असतो, कारण तो खेळतच नाही. पण ज्याच्या जागी तो यायचा तो जायबंदी झाला, आणि हे बाकीच्यांच्या आधी तुम्हाला कळलं, की झालं तुमचं काम.

मला कळलं होतं. शुक्रवारी माझ्या खिडकीवर हाताला प्लास्टर घातलेला एक आडदांड गृहस्थ येऊन बिलावरून कडाकडा भांडला. त्याला अर्ज लिहिता येईना, म्हणून मी लिहायला घेतला, नाव विचारलं, आणि माझा राग कुठच्या कुठे पळाला. शहरातला सगळ्यात महागडा गोलकीपर माझ्यासमोर उभा होता. 'काळजी घ्या हं हाताची,' असं मी इतक्या मायेने म्हणालो की तो बिचारा दचकला. घरी येऊन मी त्याच्या जागी खेळणारा राखीव गोलकीपर उचलला. यादीत त्याचं नुसतं टोपणनाव होतं, लांब्या. फोटोच्या जागी रिकामा चौकोन. पाण्याच्या भावात मिळाला, आणि उरलेल्या पैशात शहरातले दोन्ही तगडे स्ट्रायकर माझ्या टीममध्ये आले. बायकोला म्हटलं, बॅग काढून ठेव.

तर मी नळ उपटला आणि बायकोने प्लंबरला फोन केला. तो जवळच होता, लगेच आला. सहा फुटांच्या वर उंची, दारातून वाकूनच आत शिरला. बाथरूममध्ये जाताना खांद्यावरची पिशवी त्याने हॉलमध्ये ठेवली. त्या पिशवीतून हातमोजे डोकावत होते. मोज्यांखाली जर्सी, आणि जर्सीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'लांब्या'.

मी तसाच बाथरूमकडे धावलो. "अरे, तू इथे काय करतोयस? चार वाजता तुझी मॅच आहे."

"तिकडेच निघालो होतो साहेब. पण वहिनींचा फोन आला. आता एवढं पाणी वाहतंय, असं टाकून कसं जायचं? आमच्याकडे दुसरा बघतील कोणीतरी."

"टाकून जा. पाणी काय, वाहील आणि थांबेल."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का?" बायको कंबरेला पदर खोचून घोटाभर पाण्यात उभी होती. "आलेला प्लंबर घालवताय?"

"हा प्लंबर नाही, हा माझा गोलकीपर आहे. हा इथे बसला तर तुझा समुद्र गेला, कळतंय का? आणि ह्याला आजच बरं माझ्या घरी यायचं सुचलं. शहरात दुसरे नळ नाहीत?"

मी आणखीही बरंच बोललो. लांब्याबद्दल, वॉचमनबद्दल, नळ बनवणाऱ्याबद्दल. बायकोने शांतपणे बाथरूमचं दार माझ्या तोंडावर लावलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा स्वभाव मला पुरता ठाऊक. फरशीवर चहाचा थेंब सांडला तरी तो पुसल्याशिवाय घोट न घेणारी बाई ती, घर पाण्यात सोडून त्या माणसाला जाऊ देणार होती थोडीच. मॅचच्या अर्धा तास आधी यादी बंद होते, मग टीम बदलता येत नाही, आणि त्याला जेमतेम दोन मिनिटं उरली होती. मी दात-ओठ खात लांब्याला टीममधून काढलं. माझ्या उरल्यासुरल्या पैशात बसेल असा एकच गोलकीपर शिल्लक होता, लांब्याच्या समोरच्या टीमचा. घेतला. यादी बंद झाली.

आणि बाथरूमचं दार उघडलं. लांब्या बाहेर आला, पिशवी उचलली आणि जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या उतरत गेला. खाली शेजारचे काका स्कूटर चालू करून उभे होते. बायकोने फोन करून त्यांना तयार ठेवलं होतं.

मी आत डोकावलो. ती ओलीचिंब होऊन भिंतीला टेकून बसली होती. पाइपाच्या तोंडात चिंधी, चिंधीवर तिचा अंगठा.

"जा म्हटलं त्याला. मी धरते," ती म्हणाली. "रेडिओ मोठा करा."

मी रेडिओ मोठा केला. दुसरं काय करणार होतो?

लांब्या वाघासारखा खेळला. पेनल्टी अडवली. एकदा तर म्हणे हवेत आडवा झाला. समालोचकाचा घसा बसला. प्रत्येक वेळी बाथरूममधून आवाज यायचा, "अहो, ऐकलंत ना?" आणि मी सोफ्यावर बसून "हो, हो" म्हणत होतो. समोरच्या गोलकीपरने, म्हणजे माझ्या, सहा गोल खाल्ले, आणि दर गोलाला माझे गुण कापले गेले. मी मधूनच जाऊन म्हणालो, "मी धरू का जरा?" तर ती म्हणाली, "तुम्ही नको. पिळाल." इतकी खूश मी तिला लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. सांगायचं धाडस मला झालं नाही.

मॅच संपल्यावर लांब्या चिखलाने माखलेल्या जर्सीतच उरलेलं काम करायला आला. नवा नळ बसवला, बायकोच्या हातावर टॉवेल ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"साहेब, खरं सांगू? आजवर मला कोणी टीममध्ये घेतलं नव्हतं. आमची आईसुद्धा टीम लावते, पण ती दुसराच कोणीतरी घेते. वहिनी म्हणाल्या तुम्ही मला घेतलंय, म्हणून जीव तोडून खेळलो. माझे गुण दाखवा की."

मी फोन खिशात घालत होतो. बायकोने तो काढून घेतला, उघडला आणि गोलकीपरच्या नावावर बोट ठेवलं.

"हा कोण?"

लांब्याने वाकून बघितलं. "हा समोरचा. स्वभावाने चांगला आहे," एवढं बोलून तो नळ पुसायला लागला.

"तू दार लावलंस," मी म्हणालो.

"तुमच्या आरडाओरड्यात पाइप कसा दाबून धरायचा ते ऐकू येईना, म्हणून लावलं. मला एकदा विचारायचं तरी." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

तेवढ्यात ऑफिसच्या ग्रुपवर मोठ्या साहेबांचा मेसेज आला. रजा कॅशियरला.

बायकोने तो वाचला, फोन माझ्या हातात दिला, स्वतःचा घेतला आणि तिच्या ताईला लावला. बोलणं दोन वाक्यांतच संपलं.

"मी जातेय समुद्रावर. रजा तुम्हाला लागते, मला कुठे लागते? इतकी वर्षं उगीच थांबले."

"आणि मी?" माझा आवाज आता मात्र चांगलाच चढला. "मी इथे एकटा काय करू?"

"तुमच्या एकट्याच्या खर्चात ताई आणि तिची मुलगी दोघी बसतात," ती हात पुसत म्हणाली. "आणि दोघी भांडत नाहीत."

मी आधारासाठी लांब्याकडे बघितलं. तो पाना पिशवीत टाकत होता.

"वहिनींचं बरोबर आहे, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही तर आज खेळलातही नाही."