ऑल्विनचे दात आणि क्वीनची मर्जी

वरची कवळी फेकून द्यायची आणि जबड्यात स्क्रू बसवून त्यावर दात लावून घ्यायचे, हे ऑल्विन गिलँडर्सनं फेअरलीच्या मैदानात, गवतावर रांगत असताना ठरवलं. मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांची वार्षिक स्पर्धा चालू होती. आपल्या कुत्रीला, क्वीनला, 'थांब' म्हणून त्यानं अशी काही जोरदार शीळ घातली, की क्वीन थांबली आणि कवळी निघाली. पडली ती थेट आखलेल्या वर्तुळाच्या बाहेर. वर्तुळ सोडलं की माणूस बाद, हे ऑल्विन चाळीस वर्षं इतरांना बजावत आला होता. (तरी गेला. वरचा एकही दात शिल्लक नसलेल्या माणसाला नियम कुठवर आठवणार?)

न्यूझीलंडच्या त्या डोंगराळ मुलखात माणसाची पत त्याच्या कुत्र्यावरून ठरते. ऑल्विनचं वय एकोणसत्तर. मेंढ्यांचा कारभार मुलाकडे गेला होता, गाडी बायको, नोलीन, चालवायची. त्याची स्वतःची अशी क्वीन तेवढी उरली होती. दोन वर्षांची, चलाख, आणि बहुधा त्याच्या हातची शेवटची. तिला घेऊन पुन्हा त्याच मैदानात ताठ मानेनं उभं राहायचं, एवढंच त्याला हवं होतं.

पाच महिन्यांनी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी वरच्या जबड्यात चार स्क्रू बसवले. "हाडात घट्ट व्हायला सहा महिने लागतील. तोवर ही तात्पुरती कवळी. आणि शीळ बंद."

"सहा महिने? मग कुत्रीशी बोलू कसं?"

"माझ्याशी बोलताय तसं," बाई म्हणाल्या.

पण तात्पुरत्या कवळीतून शब्द भिजलेल्या पावासारखे बाहेर पडत. क्वीन त्याच्याकडे दयेनं बघायची आणि बसून राहायची. तरणी कुत्री कामाविना बिघडते, म्हणून शेवटी नोलीन ॲप्रनसकट कुरणात उतरली. तिला ना शीळ येत होती, ना हुकूम सोडता येत होते.

"क्वीन बाळा, जरा डावीकडून जातेस का? हां, सावकाश. शहाणी माझी ती."

"अगं, कुत्री आहे ती," ऑल्विन पुटपुटला. "चहाला आलेली पाहुणी नव्हे."

"मग तू सांग तिला."

तिसऱ्या आठवड्यात क्वीन नोलीनच्या नुसत्या बोलण्यावर मेंढ्या फाटकातून काढू लागली. ऑल्विन कुंपणाला टेकून बघत राहायचा. आपल्यावाचून सगळं नीट चालतं हे त्याला प्रथमच दिसत होतं, आणि ते त्याला मुळीच आवडलं नाही.

सहा महिन्यांनी नवे दात त्या चार स्क्रूंवर खटकन बसले. कवळीची टाळू झाकणारी पाटी गेली, आणि सात वर्षांनी मटणाच्या चॉपची खरी चव त्याला कळली. त्याचे डोळे भरून आले.

"पुदिना जास्त झाला का?" नोलीननं विचारलं.

तू इतकं चांगलं करतेस हे मी विसरूनच गेलो होतो, असं त्याला म्हणायचं होतं.

"ठीक आहे," तो म्हणाला.

शीळही परत आली, पण वेगळीच. बारीक, उंच, परक्या माणसाची वाटावी अशी. क्वीननं ती ऐकली, इकडेतिकडे पाहिलं आणि नोलीनच्या पायाशी जाऊन बसली. पंधरा दिवस हेच चाललं.

"गोड बोलून बघ तिच्याशी," नोलीन म्हणाली.

"चारचौघांत? मेलो तरी नाही."

स्पर्धेच्या दिवशी डोंगरावर तीन मेंढ्या सोडल्या आणि घड्याळ चालू झालं. चौदा मिनिटं. ऑल्विननं शीळ घातली. क्वीन बसली. पुन्हा घातली. क्वीननं कान खाजवला. तिसऱ्या खेपेला ती मान वळवून गर्दीत नोलीनला शोधू लागली. नोलीन शेडच्या दारात हाताची घडी घालून उभी होती, आणि बाहेरच्या माणसानं एक शब्दही बोलायचा नाही असा नियम. सहा मिनिटं गेली. क्वीन आता तिकडे गेली तर पुन्हा कधीच आपली होणार नाही, हे ऑल्विनला लख्ख कळलं, आणि तो घाबरला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. (का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.)

"क्वीन बाळा," त्याचा आवाज फाटला. "जरा... डावीकडून जातेस का?"

मैदानभर माना वळल्या. क्वीन उठली.

"हां, सावकाश. शहाणी माझी ती."

तिन्ही मेंढ्या वर्तुळात आल्या तेव्हा मिनिटभर शिल्लक होतं. पाचवा नंबर आला. ऑल्विन वाकला आणि त्यानं क्वीनच्या मानेत तोंड खुपसलं. बराच वेळ तो वर आलाच नाही.

नंतर शेडमध्ये परीक्षक, म्हातारा डूगल, चहाचा कप घेऊन त्याच्याकडे आला. नव्या दातांबद्दल चकार शब्द नाही.

"इतक्या गोडीगुलाबीनं काम करून घेणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता," तो म्हणाला. "शिकवायला किती दिवस लागले?"

ऑल्विन तोंड उघडणार, तोच नोलीननं लोणी लावलेल्या स्कोनची ताटली मध्ये धरली.

"क्वीनला तीन आठवडे," ती म्हणाली. "याला एक्केचाळीस वर्षं. आणि अजूनही तसं बोलतो ते फक्त कुत्रीशी."